यादीबाहेरची मार्था

७ ऑगस्ट १८८८. पहाटे साडेतीनला आल्फ्रेड क्रो हा टांगेवाला लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या जॉर्ज यार्ड बिल्डिंग्ज या गरिबांच्या चाळीत परतला. पहिल्या मजल्यावर जिन्यापाशी कुणीतरी पडलेलं त्याला दिसलं. तिथे बेघर माणसं नेहमीच झोपत, म्हणून तो थांबला नाही. पाच वाजायच्या सुमारास कामावर निघालेल्या जॉन रीव्हजला रक्ताचं थारोळं दिसलं. डॉ. किलीन यांनी मोजलेले वार ३९ होते.

ती मार्था टॅब्रम. नवऱ्यापासून वेगळी झालेली, दोन मुलांची आई. रस्त्यावर सुया-टाचण्यांसारख्या किरकोळ वस्तू विकायची, कधी देहविक्रय करून रात्रीच्या बिछान्याचे पैसे जमवायची.

पहिला संशय सैनिकांवर गेला, आणि त्याला आधारही होता. किलीन यांच्या मते बहुतेक वार साध्या चाकूचे होते, पण छातीच्या हाडावरचा एक घाव खंजीर किंवा संगिनीसारख्या हत्याराचा होता. मार्थाची मैत्रीण मेरी अ‍ॅन कॉनेली, वस्तीतली ‘पर्ली पोल’, हिने सांगितलं की सुट्टीच्या त्या सोमवारी रात्री दोघी दोन सैनिकांबरोबर दारू पीत फिरल्या आणि पावणेबाराच्या सुमारास जोड्या वेगळ्या झाल्या. रात्री दोनला हवालदार बॅरेटने जवळच्याच रस्त्यावर एका सैनिकाला हटकलं होतं. मित्राची वाट पाहतोय, असं तो म्हणाला होता.

मग ओळखपरेड झाल्या. बॅरेटने टॉवर ऑफ लंडनमध्ये आधी एकाला ओळखलं, मग दुसऱ्याकडे बोट दाखवलं. कॉनेलीला टॉवरमध्ये कुणीच ओळखू आलं नाही. वेलिंग्टन बराकीत तिने दोघांना निवडलं, पण ते त्या रात्री दुसरीकडे असल्याचं सिद्ध झालं. किलीन यांनी मृत्यूची वेळ अडीचच्या आसपास धरली होती. म्हणजे पावणेबारापासून जवळजवळ तीन तास मोकळेच राहतात. त्या वेळात मार्थाला दुसरा कुणीही भेटू शकला असता. सैनिकाच्या तर्कातलं हे भगदाड नंतरही कुणाला नीट बुजवता आलेलं नाही.

२३ ऑगस्टला मृत्यूची न्यायालयीन चौकशी संपली. निकाल होता, अज्ञात व्यक्तीने केलेला खून. आठच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, बक्स रो इथे मेरी अ‍ॅन निकोल्सचा मृतदेह सापडला आणि वर्तमानपत्रांनी दोन्ही खून एकाच हाताचे ठरवले. पुढे या अज्ञात खुन्यासाठी ‘जॅक द रिपर’ हे नाव रूढ झालं, तेव्हा मार्थाही त्याच्याच खूनमालिकेत मोजली जात होती.

तिला बाहेर काढलं ते एका टिपणाने. १८९४ मध्ये पोलीस अधिकारी मेलव्हिल मॅक्नॉटन यांनी रिपरचे बळी फक्त पाच असल्याचं लिहिलं. हे गृहस्थ पोलिसात आले १८८९ मध्ये, खुनांच्या पुढच्या वर्षी. कॉनेलीने दोन सैनिक निवडले होते, ही गोष्ट त्यांच्या टिपणात नाही. तरीही पाचाचा आकडा पक्का झाला. उलट १८८८ मध्ये व्हाइटचॅपलमध्येच काम करणारे वॉल्टर ड्यू यांनी १९३८ च्या आठवणींत मार्थाला रिपरचाच बळी मानलं.

आजही अभ्यासक दोन बाजूंना आहेत. त्या पाच जणींसारखा मार्थाचा गळा चिरलेला नव्हता, पोट फाडलेलं नव्हतं, म्हणून एक बाजू तिला वगळते. दुसरी म्हणते, खुनी तेव्हा नवखा होता. जागा, वेळ आणि गरीब बाईची निवड सारखीच आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं जास्त पटतं, मात्र पुरावा तिच्याहीकडे नाही. पण वाद बहुतेक वेळा एवढ्यावरच अडतो की मार्था रिपरची होती की नाही. ती कुणाचीही बळी असो, तिच्या खुनाचा तपास ओळखपरेडींपाशीच थांबला आणि कुणावरही कधी खटला चालला नाही.