शिसव की बिबळा?

आमच्या इंदूरच्या वाड्यामागे एक उंच झाड आहे. वडील दरबारचे पखवाजी. ते त्याला शिसव म्हणत, म्हणून घरात सारेच शिसव म्हणत आले. शिकवणीला येणाऱ्या मुलांनाही मी तेच सांगत असे.

गेल्या चैत्रात झाड पार निष्पर्ण झाले. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, हे वाळलं. शिसवाला भाव आहे, काढून टाकू." लाकडाचा व्यापारी येऊन कुऱ्हाडीचा एक घावही घालून गेला. मला ते रुचेना. पण रुचणे हा काही पुरावा नव्हे.

संध्याकाळी फांदीची साल नखाने खरवडली, तो आत हिरवीगार! घावातून तर रक्तासारखा लाल रस पाझरत होता. शिसवाला असा रस येत नाही. पळसाला येतो, पण त्याच्या पानाला तीनच दले. शिसवाची साल पातळ, राखाडी, पापुद्रे सुटणारी. ही जाड, खरबरीत, उभ्या भेगांची.

पाचोळ्यात जुनी पाने सापडली. इथेच माणूस फसतो. दोहोंच्या पानांना पाच-सात दले, एकाआड एक, टोकाशी किंचित खाच. फरक एवढाच की शिसवाचे दल बरेचसे गोल, हे लांबट. शेंगेने मात्र निकाल दिला. शिसवाची शेंग चपटी, पट्टीसारखी. झाडाखाली पडल्या होत्या त्या रुपयासारख्या गोल चकत्या, मधोमध बी आणि भोवती पातळ पंख. हा बिबळा! आपल्या माळव्यातला बीजा. पावसाळा सरताना याला पिवळा बहर येतो, शिसवाची फुले पांढुरकी. तो पिवळा बहर मी लहानपणापासून पाहत होतो. पण नाव ठाऊक आहे म्हटल्यावर कोण नीट पाहतो?

एका मोडक्या फांदीच्या गाभ्याचा तुकडा रात्री पेल्यात भिजत घातला. सकाळी पाणी सोनेरी झाले होते, आणि उन्हात धरताच त्यावर निळी झाक. मधुमेहाचे रोगी ज्या लाकडी पेल्यातले पाणी पितात, तो याच लाकडाचा. गुण किती येतो, ते डॉक्टरांनी सांगावे.

बंधूंना म्हटले, "झाड जिवंत आहे, आणि शिसव नाही." त्यांनी व्यापाऱ्याला निरोप धाडला. बिबळ्याचे लाकूडही चांगले विकले जाते, हे मी त्यांना सांगितले नाही.

ज्येष्ठात झाड पालवले. मुलांना मी चूक दुरुस्त करून सांगितली. काकू मात्र अजून शिसवच म्हणतात.