रस्त्यांतील मूल आणि मोटारचालक

चेंडूमागें धांवणारें मूल मोटारीखालीं आलें, तर दोष कोणाचा? ‘पोरानें पाहून चालावें,’ असें म्हणून पुष्कळ लोक मोकळे होतात; न्यायासन मात्र इतक्या घाईनें बोलत नाहीं.

लंडनमध्यें १९६२ सालीं एका मालमोटारीच्या चालकानें थांबून तीन भावंडांस रस्ता ओलांडण्याची खूण केली. तोंच बाजूनें वेगानें आलेल्या लहान मोटारीची धडक साडेतेरा वर्षांच्या मुलीस बसली. मालमोटारीपुढें डोकावून पाहिलें नाहीं, म्हणून खालच्या न्यायालयानें एकतृतीयांश दोष तिच्या माथीं मारला. १९६६ सालीं अपील-न्यायालयानें तो पुसून टाकला. मुलाकडून त्याच्या वयास शोभेल एवढ्याच सावधगिरीची अपेक्षा करावी, हें त्यांतील तत्त्व.

आपल्याकडे मोटारवाहन कायद्याच्या १६४व्या कलमान्वयें मृत्यूबद्दल पांच लाख व जबर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये, चालकाचा दोष सिद्ध न करतांहि, मालकाकडून अगर विमा कंपनीकडून मिळतात. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणें हें तर १३४व्या कलमानें चालकाचें कर्तव्यच ठरविलें आहे.

परंतु भरपाईनें मूल परत येत नाहीं. एकाच घरांत अंगणांत खेळणारा नातू असतो आणि मोटार हांकणारा काकाहि. वडील मंडळींनीं पहिल्याचा हात धरावा. दुसऱ्यास वेग आंवरण्यास सांगावें.