उटीचा दगड

दसरा उलटला की आमच्या कृष्णाकाठच्या रस्त्यांचा वास बदलतो. कारखान्याच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठ्या आवाजात गाणी लावून रस्त्यावर येतात. लहानपणी चालत्या ट्रॉलीमागे पळून कांडं ओढून काढण्यात आम्हाला भारी पराक्रम वाटायचा. त्या वेळी कुणी चाकाखाली गेलं नाही, याचं आता नवल वाटतं.

गेल्या हंगामात असाच संध्याकाळी सातच्या सुमाराला मोटारसायकलवरून घरी येत होतो. चढ होता, समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर आलेला. पुढच्या चाकाखाली काहीतरी आलं आणि पुढच्या क्षणी मी रस्त्यावर होतो. डावं मनगट मोडलं, बाकी खरचटलं. गोळा झालेल्या मंडळींपैकी एकजण म्हणाला, "नशीब आण्णा, मागनं गाडी नव्हती." कुणीतरी बॅटरी मारली. रस्त्याच्या मधोमध नारळापेक्षा मोठा काळा दगड पडला होता. एका अंगाला ग्रीसचा डाग होता आणि दुसऱ्या अंगावर टायरच्या नक्षीचे ठसे.

म्हणजे हा दगड डोंगरावरून घरंगळत आलेला नव्हता. कुणीतरी तो उचलून आणला होता, चाकाखाली ठेवला होता, आणि काम झाल्यावर तसाच टाकून निघून गेला होता. नशिबाचा त्यात फारसा संबंध नव्हता.

त्या दगडाला ट्रकवाले उटी म्हणतात. चढावर गाडी बंद पडली की क्लीनर उडी टाकतो आणि मागच्या चाकाला उटी लावतो. तो दगड मागे का राहतो, हे मी नंतर ओळखीच्या एका ड्रायव्हरला विचारलं. त्याचं उत्तर सरळ होतं. "भरलेली गाडी चढावर सुटते तेव्हा उटी आधी काढून चालत नाही, गाडी मागं येईल. गाडीनं पुढं चाक टाकलं की मग उटी मोकळी होते. तवर गाडी वीस-पंचवीस फूट पुढं गेलेली असते. परत थांबवायची, तर पुन्हा चढ, पुन्हा उटी. कोण उतरतंय?" जुने काही ड्रायव्हर लाकडाची पाचर दोरीने गाडीला बांधून ठेवतात, गाडी सुटली की पाचर मागोमाग फरफटत येते. वीतभर लाकूड आणि हातभर दोरी, एवढाच खर्च.

रस्त्याकडेला नादुरुस्त ट्रक उभा असला की त्याच्याभोवतीही असाच संसार मांडलेला असतो. मागे झाडाची फांदी, तिच्या बुडाशी दगड, बाजूने आणखी दगडांची रांग. लाल त्रिकोण कायद्याने गाडीत ठेवायचा असतो, पण फांदी फुकट मिळते. ट्रक दुरुस्त होऊन जातो आणि रांग तिथेच राहते.

आता ट्रॉलीकडे वळू. २०२१-२२ च्या विक्रमी हंगामात महाराष्ट्रातल्या सुमारे दोनशे कारखान्यांनी तेराशे लाख टनांहून अधिक ऊस गाळला. एका खेपेला वीस टन धरले तरी पासष्ट लाख खेपा होतात. ट्रक, बैलगाड्या यांचा वाटा त्यात आहेच, पण मोठा भार ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन-अडीच टन, आणि तो ओढतो त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. उतारावर ट्रॅक्टरने ब्रेक लावला तरी मागचा बोजा थांबायला तयार नसतो. तो ट्रॅक्टरला ढकलतो, आडवा करतो. चढावर उलटं होतं, ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं.

हा सगळा डोलारा धरून ठेवणारी वस्तू म्हणजे बोटाएवढ्या-दीडबोटाएवढ्या जाडीची एक पिन. ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकात घालायची, वरून पिन सोडायची आणि पिन वर उसळू नये म्हणून तिच्या खालच्या भोकात क्लिप लावायची. ही क्लिप सगळ्यात आधी हरवते. मग तिच्या जागी खिळा येतो, वाकवलेली तार येते, वेल्डिंगचा रॉड येतो. मी एका ठिकाणी सुतळी पाहिली आहे. खड्ड्याखड्ड्यातून पिन रोज वर-खाली आपटत असते आणि तिला अडवायला सुतळी!

तरी ट्रॉलीची निदान सवय आहे. मला खरी धास्ती वाटते ती काँक्रीट मिक्सरची. स्लॅबचं काम संपलं की संध्याकाळी तो टेम्पोच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे लागतो. त्याची चाकं लहान, अंगावर ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि रंग सिमेंटचा, म्हणजे अंधारात दिसणारच नाही असा. वर त्याला जोडलेल्या लिफ्टच्या पाळण्यात दोन-तीन मजूर बसलेले. जोड कसला, तर बऱ्याचदा दोन भोकांतून घातलेली सळईची कांब. मळणी यंत्रं, पाण्याचे टँकर, मिरवणुकीची जनित्रं, विहिरीवरचे कॉम्प्रेसर, सगळ्यांची हीच तऱ्हा. कांब निसटली की पुढच्या गाडीवाल्याला पत्ताही लागत नाही. त्याची गाडी फक्त जरा हलकी होते. मागे राहिलेलं यंत्र उताराच्या मर्जीने कुठेही जातं.

परदेशात मोटारीमागे बोट किंवा छोटा ट्रेलर ओढण्याची पद्धत आहे. अमेरिकेत अशा ट्रेलरला मुख्य जोडाखेरीज दोन सुरक्षा-साखळ्या लावतात, आणि त्या दांडीच्या खालून एकमेकींना छेद देत फुलीसारख्या बांधतात. जोड सुटलाच तर दांडी रस्त्यात न रुतता त्या फुलीच्या झोळीत पडते आणि ट्रेलर गाडीमागेच राहतो. युरोपात ब्रेक असलेल्या ट्रेलरला एक बारीक तारही असते. ट्रेलर निसटला की ती ताणली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. गावातला कुठलाही वेल्डर अशा दोन साखळ्या तासाभरात बसवून देईल. त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायला नको.

बंद पडलेली गाडी ओढून नेण्याला आपल्याकडे टोचन म्हणतात. त्याचेही नियम आहेत आणि ते बरेच शहाणे आहेत: दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, दोरी किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी हवी, मागच्या गाडीवर टोचन असल्याची पाटी हवी आणि तिची अक्षरं निदान ७५ मिलिमीटर उंचीची हवीत. दोरी दिसली पाहिजे या नियमामागे माणसांचे गळे आहेत. दोन गाड्या, मध्ये मोकळी जागा, आणि दुचाकीस्वाराला ती जागा रस्ता ओलांडायला सोयीची वाटते. काळोखात करड्या रंगाची तार त्याला दिसत नाही. लाल फडकं बांधलं असतं तर दिसली असती.

मागच्या गाडीत बसणाऱ्यालाही एक गोष्ट माहीत हवी. इंजिन बंद असलं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं आणि पॉवर स्टिअरिंग जड जातं. चावी काढून घेतली असेल तर स्टिअरिंग कुलूपबंदच होतं. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर ओढताना सगळं गाव बघायला उभं राहतं, तेही दोरीच्या अगदी रेषेत. नायलॉनचा दोर ताणला की रबरासारखी ताकद साठवतो. तुटला किंवा हूक उपटला की ती सगळी ताकद त्या हुकात उतरते आणि तो गोफणीतल्या गोट्यासारखा सुटतो. ताणलेल्या दोरावर मधोमध ओलं पोतं टाकून ठेवावं आणि बघ्यांना दोराच्या लांबीहून दूर, बाजूला हाकलावं.

हमरस्त्यावरचा आणखी एक नेहमीचा पाहुणा म्हणजे ट्रकच्या टायरचा सोललेला पट्टा. रात्री तो मेलेल्या कुत्र्यासारखा दिसतो. आतल्या पोलादी तारा बाहेर आलेल्या असतात, त्यामुळे वरून गाडी गेली तर पंक्चर, आणि उडाला तर मागच्याच्या काचेवर. सगळे रिमोल्डला, म्हणजे जुन्या टायरवर नवा थर चढवण्याला, शिव्या देतात. पण नीट केलेलं रिमोल्ड वाईट नसतं. विमानांचे टायरही पुन्हा पुन्हा नवी नक्षी चढवून वापरतात. खरी अडचण हवेची आणि बोजाची आहे. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला दुमडते, आत उष्णता साठते आणि वरचा थर सांगाड्यापासून सुटतो. जोडचाकांतल्या आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरचा टायर गाडी तोलून धरतो, म्हणून ड्रायव्हरला कळत नाही. धाब्यावरून निघताना क्लीनर टॉमी या लोखंडी दांड्याने प्रत्येक टायर ठोकतो, ती रिकामटेकडेपणाची सवय नव्हे. भरल्या टायरचा आवाज खणखणीत, बसलेल्याचा बद्द.

वाळू, खडी, मुरूम वाहणाऱ्या डंपरचा फाळका नीट लागत नसेल तर वळणावळणावर खडीचा सडा पडतो. चारचाकीला तो जाणवतही नाही. दुचाकीवाला वळताना गाडी कलवतो, नेमका त्याच वेळी चाकाखाली खडी येते. उसाच्या चिरडलेल्या कांड्यांचं आणि वाढ्यांचंही तसंच. पहाटेच्या दवात त्यांचा रस्त्यावर बुळबुळीत थर होतो.

पडलेल्या वस्तूला जग किती गंभीरपणे घेऊ शकतं, हे विमानतळावर दिसतं. २५ जुलै २००० रोजी पॅरिसच्या धावपट्टीवरून काँकॉर्ड विमान उडालं. त्याच्या पाचच मिनिटं आधी उडालेल्या दुसऱ्या विमानाची धातूची एक पट्टी धावपट्टीवर पडली होती, लांबी जेमतेम दीड फूट. काँकॉर्डचा टायर तिच्यावरून गेला आणि फुटला, त्याचा तुकडा पंखाखाली आपटून इंधनटाकी फाटली आणि आग लागली. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ असे ११३ जण गेले. तपासकर्त्यांनी ती पट्टी कुठल्या विमानाची, कुठल्या दुरुस्तीत बसवलेली, इथपर्यंत शोधून काढलं. धावपट्टीवर रोज ठरावीक वेळा माणसं फिरून खिळा-मोळा वेचतात. आपल्या रस्त्यावर मात्र पडलेल्या वस्तूचा मालक कुणी शोधत नाही.

अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेच्या संशोधन विभागाने २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ ते २०१४ या चार वर्षांत रस्त्यावर पडलेल्या वस्तूंमुळे तिथे दोन लाखांहून अधिक अपघात झाले आणि पाचशेहून अधिक माणसं मेली. त्यांतले जवळपास दोनतृतीयांश अपघात गाडीवरून पडलेल्या मालाचे किंवा गाडीच्या सुटलेल्या भागांचे होते. आणि मेलेल्यांपैकी सुमारे ३७ टक्क्यांचं मरण वस्तूला धडकून नव्हे, ती चुकवताना अचानक गाडी वळवल्यामुळे आलं होतं. आपल्याकडे २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. अपघातांपैकी साधारण पाचवा हिस्सा मागून धडकण्याचा. त्यांतले किती जण अंधारातल्या उभ्या ट्रॉलीवर किंवा दगड पाहून दचकलेल्या गाडीवर आदळले, ते त्या आकड्यातून निघत नाही. पंचनाम्यात बहुधा 'चालकाचं नियंत्रण सुटलं' एवढंच येतं. माझा पंचनामा झाला असता तर त्यातही तेच आलं असतं.

वेगाचा एक हिशेब मांडून पाहा. ताशी शंभर किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर कापते. त्या वेगाने आपण रस्त्यावरच्या लोखंडी तुकड्यावर गेलो, तर तो जवळपास चाळीस मीटरवरून, म्हणजे तेराव्या मजल्यावरून आपल्यावर पडल्यासारखाच. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, हेही लक्षात घ्या.

माल बांधण्याचंही गणित आहे. युरोपातला दंडक सांगतो की मालाच्या वजनाच्या आठदशांश इतका जोर पुढच्या दिशेने आणि निम्मा जोर बाजूला व मागे, बांधणीने पेलला पाहिजे. एक टन माल असेल तर ब्रेक मारल्यावर तो आठशे किलोच्या जोराने केबिनकडे येईल असं धरून बांधायचं. आपण गादी-कपाट टेम्पोवर टाकून वरून एक दोर फिरवतो आणि एका पोराला त्यावर बसवतो, 'धरून बस रे' म्हणून. सळयांचं तर विचारूच नका. २०१४ पर्यंत गाडीबाहेर एक मीटर माल काढायला नियमातच जागा होती. ती काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बाहेर आलेल्या मालाला वीस हजार रुपये दंड आहे आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. तरी शहरातल्या चौकात लाल चिंधी बांधलेल्या सळया आपल्या डोळ्यांच्या उंचीवर थांबलेल्या दिसतातच.

साखर कारखाने हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, पोलीस आणि आरटीओ मेळावे घेतात, फोटो छापून येतात. काम चांगलं आहे, पण उसाच्या मोळ्या मागे इतक्या लोंबतात की आठवड्याभरात रिफ्लेक्टर त्यांच्याआड जातो. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन होतं. तिथेच पिन, क्लिप आणि मागचा दिवा बघायला अर्धं मिनिट पुरेल. रिकामी ट्रॉली परत निघताना तर ड्रायव्हर हे बघत नाही, त्याला घाई असते ती फक्त पुढच्या खेपेचा नंबर लावायची.

तुम्ही चालवणारे असाल तर पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा. ताडपत्री फडफडत असेल, दोर लोंबत असेल, तर आणखी मागे राहा. समोर काही पडलेलं दिसलं तर स्टिअरिंगला झटका देऊ नका. आधी वेग कमी करा, आरसा बघा, मग जागा असेल तरच बाजू घ्या. द्रुतगती मार्गावर ते उचलायला खाली उतरू नका.

राष्ट्रीय महामार्गावर असं काही दिसलं तर १०३३ आणि इतर कुठेही ११२ वर कळवा. फोन करताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, म्हणजे त्यांना तो दुसरा दगड सापडेल.