लॅरमी : कळसूबाईहून उंच वसलेलं गाव

कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहिलं की महाराष्ट्रात आपल्याहून उंच काही उरत नाही. ती उंची 1,646 मीटर. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात लॅरमी नावाचं तीसेक हजार वस्तीचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथली माणसं 2,184 मीटरवर भाजी आणतात, पोरांना शाळेत सोडतात. आणि हे गाव डोंगरावर नाही, चक्क गवताळ मैदानात आहे! पाणी इथे साधारण 93 अंशांनाच उकळतं. कुकर नसेल तर डाळीला वेळ द्यावा लागतो.

एवढ्या उंचावर, जोरदार वाऱ्यात गाव वसलंच कसं? याचं उत्तर गावाच्या पूर्वेकडच्या डोंगररांगेत आहे. तिथला गुलाबी ग्रॅनाइट सुमारे 140 कोटी वर्षं जुना. रॉकी पर्वतातून वाहून आलेल्या गाळाने कोट्यवधी वर्षांत त्याचा पायथा बुजवला. पुढे नद्यांनी जवळपास सगळीकडे तो गाळ पुन्हा खरवडून नेला. पण शायेन शहराच्या पश्चिमेला त्याची एक अरुंद पट्टी शाबूत राहिली. मैदानातून थेट डोंगराच्या खांद्यावर नेणारी ती सलग चढण. तिला गँगप्लँक म्हणतात. रेल्वेवाल्यांना हवी होती ती नेमकी हीच वाट! अरापाहो आणि शायेन लोकांच्या या मुलखात 1868 मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ ही चढण चढून पलीकडे उतरले आणि लॅरमी जन्माला आलं. आजचा महामार्गही त्याच पट्टीवरून चढतो.

पुढचं सगळं विलक्षण वेगाने घडलं. वायोमिंगने 1869 च्या डिसेंबरात स्त्रियांना मताधिकार दिला. 6 सप्टेंबर 1870 रोजी, गाव जेमतेम दोन वर्षांचं असताना, लुईझा स्वेन या वृद्ध बाईंनी लॅरमीत सकाळी मत टाकलं. या कायद्याखाली सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करणारी ती पहिली स्त्री. 1887 मध्ये विद्यापीठाचे वर्ग भरले, तेही पहिल्यापासून मुलामुलींसाठी एकत्र. वायोमिंगला राज्याचा दर्जा मिळाला 1890 मध्ये. म्हणजे इथे राज्याच्या आधी विद्यापीठ आलं!

रुळांनी गावाला आणखी एक ठेवा दिला. वायव्येला कोमो ब्लफ नावाचा कडा आहे. तिथे रेल्वेच्या माणसांना प्रचंड हाडं दिसली आणि 1877 पासून डायनोसॉरांचं मोठं उत्खनन सुरू झालं. याच परगण्यातला सुमारे 75 फुटी अपॅटोसॉरस विद्यापीठाच्या भूशास्त्र संग्रहालयात उभा आहे. त्याच्या मानेचा एकेक मणका बघत चालावं, म्हणजे पायाखालच्या खडकात काय दडलंय याचा अंदाज येतो.

आणि डोक्यावर? ताऱ्यांकडून येणारी अवरक्त किरणं हवेतली वाफ शोषून घेते. समुद्रकाठी त्यातली बरीचशी जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. इथली जागा उंच, हवा कोरडी, थंड. म्हणून विद्यापीठाने नैर्ऋत्येला जेल्म डोंगरावर 2.3 मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण उभारली. 1977 मध्ये ती सुरू झाली तेव्हा त्या प्रकारातली जगातली सर्वांत मोठी होती. धुळीच्या ढगांत जन्मणारे तारे साध्या प्रकाशात लपून राहतात, पण त्यांची ऊब ढगाबाहेर पडते. नव्या विद्यार्थ्याला जिना चढताना धाप लावणारी ही विरळ हवाच त्या उबेला इथवर येऊ देते.