एका पाकिटात दोन क्रम

‘आता सगळीकडे लिटल एंडियनच प्रोसेसर आहेत, बाइटांच्या क्रमाची काळजी कशाला?’ ड्रायव्हर लिहायला नव्याने बसलेल्यांकडून हे हमखास ऐकू येतं. पण ड्रायव्हरला बोलायचं असतं उपकरणाशी, आणि उपकरणाचा क्रम त्याच्या मानकात ठरलेला असतो.

साधा पेन ड्राइव्ह घ्या. त्याला वाचनाची आज्ञा ३१ बाइटांच्या पाकिटातून जाते. किती डेटा हवा, हे यूएसबीच्या नियमाने लिटल एंडियन, म्हणजे कमी किमतीचा बाइट आधी, लिहायचं: ४०९६ म्हणजे हेक्समध्ये ०० १० ०० ००. त्याच पाकिटात पुढे स्कझीची आज्ञा असते, आणि तिथला सेक्टर क्रमांक बिग एंडियन, म्हणजे जास्त किमतीचा बाइट आधी: २०४८ म्हणजे ०० ०० ०८ ००. तो न उलटता टाकला, तर ड्राइव्ह ५,२४,२८८ क्रमांकाचा सेक्टर वाचून देतो. एररही येत नाही, कारण तो सेक्टरही खराच असतो.

दुसरा गैरसमज आकाराचा: उत्तर ६४ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं की ओव्हरफ्लो टळतो. टळत नाही. सीमध्ये आधी गुणाकार होतो, मग उत्तर मोठ्या जागेत जातं. डिस्कवरची जागा बाइटांत काढायला ३२ बिटांचा सेक्टर क्रमांक ८३,८८,६०८ घेऊन ५१२ या सेक्टरच्या आकाराने गुणा, उरतं शून्य. लिहायचं होतं ४ जीबीच्या पलीकडे, लिहिलं गेलं डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर, जिथे एमबीआर पद्धतीत पार्टिशन टेबल असतं. २ जीबीच्या ड्राइव्हवर कितीही चाचण्या घ्या, हे दिसणार नाही. गुणण्याआधीच क्रमांक ६४ बिटांचा करायला हवा. ‘लाँग’वरही विसंबू नका: ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ८ बाइटांचा, विंडोजवर ४ बाइटांचा.

‘शंका आली की उलटून टाका’ हा सल्ला तर घातकच. लिनक्सचं ‘रीडएल’ हे फंक्शन उपकरणाच्या रजिस्टरमधली किंमत प्रोसेसरच्या क्रमात लावूनच देतं. ती पुन्हा लिटल एंडियन समजून बदलली, तर इंटेलवर काहीच बिघडत नाही. बिग एंडियन मशीनवर मात्र आकडा उलटा होतो.

कंपायलर क्रमाच्या या चुका पकडेल, अशीही आशा नको. लिनक्समधले ‘एलई३२’ आणि ‘बीई३२’ हे टाइप जीसीसीला साधे ३२ बिटांचे पूर्णांकच वाटतात. त्यांतला फरक ओळखतं ते लिनस टोरवाल्ड्सने २००३ मध्ये सुरू केलेलं ‘स्पार्स’ हे कोड तपासणारं साधन. त्याचा इशारा ‘फोर्स’ कास्टने गप्प करण्याचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. मानक उघडा, स्ट्रक्चरमधल्या त्या फील्डला खरा टाइप द्या. मग ते जिथे जिथे न उलटता वापरलं आहे, त्या ओळी स्पार्स एकेक करून दाखवतं.