परत न येणाऱ्या आठवणीची मालिका

हिंदी-मराठी मालिकांत स्मृती जाण्याचा रस्ता ठरलेला आहे. नायक जिन्यावरून गडगडतो किंवा त्याची गाडी घाटात कोसळते. कपाळाला पांढरी पट्टी बांधलेल्या अवस्थेत तो डोळे उघडतो आणि नेमकं बायकोकडेच बघून विचारतो, "आपण कोण?" बँकेचे व्यवहार, गाडी चालवणं, टायची गाठ मारणं यातलं काहीही तो विसरलेला नसतो; विसरलेला असतो फक्त लग्न. मग पन्नास-साठ भाग खलनायिकेचं फावतं. पुढे केव्हा तरी डोक्याला दुसरा फटका बसतो, नाहीतर देवळातली घंटा वाजते, आणि सगळं लख्ख आठवतं.

ज्या घरांत खरोखर कोणाची स्मृती गेलेली असते, तिथे हा दुसरा फटका कधीच येत नाही. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा एकच एक आजार नाही. मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांतून दिसणाऱ्या लक्षणांना मिळून दिलेलं ते नाव आहे. त्यात ६० ते ७० टक्के वाटा अल्झायमरचा. आधी जातं ते ताजं: सकाळची गोळी घेतली का, गॅस बंद केला का. चाळीस वर्षांपूर्वीचं बिऱ्हाड, शाळेतली कविता, लहानपणी गेलेली बहीण मात्र जागच्या जागी असते. मग शब्द सुटतात, रस्ते चुकतात, माणसं अनोळखी होतात आणि शेवटी शेवटी घास गिळणंही जमेनासं होतं. हे सगळं कित्येक वर्षं चालतं.

म्हणूनच हा विषय सिनेमापेक्षा मालिकेला जास्त साधतो. सिनेमातला म्हातारा प्रेक्षकाला भेटतो तोच आजारी अवस्थेत. त्याचं आधीचं आयुष्य दोन-चार फ्लॅशबॅकमध्ये उरकावं लागतं. मालिकेतला माणूस वर्षानुवर्षं रोज रात्री घरी येऊन बसलेला असतो. त्याचं लग्न कसं झालं, तो कोणाशी भांडला, कोणाच्या मयताला रडला, हे प्रेक्षकाला पाठ असतं. तो विसरायला लागला, तरी बघणाऱ्याच्या ते ध्यानात असतं.

ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने याचा फार हुशारीने उपयोग केला. 'एमरडेल' ही यॉर्कशायरमधल्या एका खेड्याची मालिका १९७२ पासून चालू आहे. जॉन मिडलटन हे नट तिच्यात १९९६ पासून ॲशली थॉमस नावाच्या धर्मगुरूची भूमिका करत होते. जवळजवळ वीस वर्षांनी ॲशलीला मेंदूच्या रक्तपुरवठ्यातल्या अडथळ्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश जडल्याचं दाखवलं. गावातल्या इतरांची लग्नं, लफडी, भांडणं नेहमीसारखी चालू होती आणि मधूनमधून ॲशलीचं काही ना काही चुकत होतं.

डिसेंबर २०१६ मध्ये मॅक्सिन ऑल्डरटन यांनी लिहिलेला एक भाग मात्र पूर्णपणे ॲशलीच्या नजरेतून दाखवला गेला. त्या दिवशी पडद्यावरचे नेहमीचे चेहरे बदललेले होते. ओळखीच्या माणसांच्या जागी भलतेच नट येऊन ॲशलीशी जुन्या सलगीने बोलत होते आणि नेहमीच्या जागा ओळखू येत नव्हत्या. वर्षानुवर्षं ही मालिका बघणारा माणूस दिवाणखान्यात बसून म्हणत होता, ही बाई कोण, हे घर कोणाचं? डॉक्टरांच्या व्याख्यानातून जे पोचलं नसतं ते असं अर्ध्या तासात पोचलं. नव्या प्रेक्षकाला त्या भागात विशेष काही वाटलं नसतं, कारण कोण बदललं हे त्याला कळणारच नव्हतं. एप्रिल २०१७ मध्ये ॲशलीचा मृत्यू दाखवला गेला.

रुग्णाच्या डोक्यात काय चालतं हा झाला एक भाग. घरात काय चालतं हा दुसरा, आणि बहुतेक वाचकांना तो जास्त जवळचा. 'मला घरी जायचंय' असं स्वतःच्याच घरात बसून रोज संध्याकाळी म्हणणारे वडील. नुकतंच जेवण झालेलं असताना शेजारणीला 'सून मला उपाशी ठेवते' सांगणाऱ्या सासूबाई. पाटल्या स्वतःच तांदळाच्या डब्यात लपवून कामवाल्या मावशींवर आळ घेणारी आई. दिवेलागणीच्या सुमाराला ही घालमेल वाढते, हे डॉक्टरही सांगतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. त्यांतल्या बहुतेकांचं सगळं घरातच होतं आणि करणारी बहुधा बाईच असते. 'म्हातारचळ लागलाय' म्हणून कित्येक घरांत निदानापर्यंतही गाडी जात नाही.

घरातल्या राजकारणावर सर्वांत जास्त वेळ दिला तो अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवरच्या 'धिस इज अस' या मालिकेने. २०१६ ते २०२२ या काळात तिचे सहा हंगाम आणि १०६ भाग झाले. कथेची रचनाच अशी की पिअर्सन कुटुंबाचा भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य एकाच भागात सरमिसळ दिसतात. आई रिबेका विशीपासून म्हातारपणापर्यंत मॅन्डी मूर या एकाच नटीने रंगवली. तिच्या मुलग्यांची कामं करणारे दोन्ही नट प्रत्यक्षात तिच्यापेक्षा वयाने मोठे आहेत, पण मेकअपच्या करामतीने ते कधी खटकत नाही. रिबेकाची स्मृती ढासळू लागते तेव्हा तिच्या मनात काळाची जी गल्लत होते, ती प्रेक्षकाला नवी नसते. पहिल्या भागापासून तो तशीच गोष्ट बघत आलेला असतो.

चौथ्या हंगामात निदान जवळ येतं आणि मुलांत वाद पेटतो. रँडल हा दत्तक मुलगा, हुशार, काळजीखोर, सगळं आपल्या हातात लागणारा. सेंट लुईस शहरात नऊ महिने चालणाऱ्या एका औषधचाचणीत आईने जावं, असं त्याने मनाशी पक्कं केलेलं. आईला जायचं नसतं. शुद्ध आहे तोवरचे दिवस तिला माणसांत काढायचे असतात. रँडल तिला एकटीला गाठून गळ घालतो आणि ती कबूल होते. नटाचा व्यवसाय करणारा केविन संतापतो: आईला काय हवं ते कोणी विचारलं? मार्च २०२० मध्ये दाखवलेल्या हंगामाच्या अखेरच्या भागात दोघे भाऊ एकमेकांना असं काही बोलतात की नंतर कितीही माफी मागितली तरी ते पुसलं जाऊ नये. लेखकांनी कोणालाही वाईट ठरवलेलं नाही. एकाला आईची वर्षं वाढवायची आहेत, दुसऱ्याला आईचे दिवस राखायचे आहेत. आपल्याकडे पुण्यातला भाऊ आणि न्यू जर्सीतला भाऊ यांच्यात रविवारच्या व्हिडिओ कॉलवर होते ती हीच खडाजंगी, फक्त शब्द जरा बेताचे.

पुढे रिबेका स्वतःच एक शहाणपण करते. भान शाबूत असताना ती मुलांना एकत्र बसवून सांगते की दुसरा नवरा मिगेल याच्यानंतर निर्णय मुलगी केटचा. हेही बजावते की माझ्यासाठी तुमची आयुष्यं आखडू नका. मराठी घरांत मृत्युपत्र होतं ते फ्लॅटचं आणि दागिन्यांचं; उद्या मला काही समजेनासं झालं तर कोणाचं ऐकायचं, हे कागदावर येत नाही. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भारतातही आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं हे आगाऊ लिहून ठेवता येतं.

मालिकेतलं सर्वांत खरं प्रकरण मात्र मिगेलचं. रिबेकाचं सगळं तो एकट्याने करतो. बाहेरची मदत नको, मी आहे ना, हा त्याचा हेका. स्वतःचं दुखणं लपवतो. मुलांनी फारच धरल्यावर तो सांभाळायला माणूस ठेवायला राजी होतो, पण तोवर फार उशीर झालेला असतो आणि रिबेकाच्या आधी तोच जातो. सांभाळणाऱ्याच्या तब्येतीची वाट लागणं ही या आजारातली नेहमीची गोष्ट. टीव्हीवर तिला अख्खा भाग मिळणं नवलाचं. त्यानंतरच्या बैठकीत ठरतं की केविन आणि त्याची बायको आईजवळ राहतील. इथे लेखकांनी जरा सोय करून घेतली आहे. केविन नामांकित नट आहे, गाठीला पैसा आहे, त्याने मोठं घर बांधलेलं आहे. ब्युरोच्या बाईचा महिन्याचा पगार, रात्रपाळीचे वेगळे पैसे, डायपरचं बिल आणि ती बाई गणपतीला गावी गेली की उडणारी धावपळ, हे पिअर्सनांच्या घरात फारसं शिरत नाही.

ही खोट बीबीसीच्या 'एलिझाबेथ इज मिसिंग' या २०१९ च्या टेलिफिल्ममध्ये कमी आहे. एमा हीली यांच्या कादंबरीवर ती बेतलेली आहे. त्यात मॉड या म्हातारीचं काम ग्लेंडा जॅक्सन यांनी केलं. दोन ऑस्कर मिळवून त्या राजकारणात गेल्या, १९९२ ते २०१५ खासदार होत्या आणि या भूमिकेसाठी ऐंशी पार केल्यावर त्यांना बाफ्टा मिळालं. मॉडच्या खिशात चिठ्ठ्याच चिठ्ठ्या असतात आणि तिची मैत्रीण हरवली आहे हे ती भेटेल त्याला सांगत सुटते. ती गोड आजी नाही. ती ओरडते, हिसके देते, आणि हे सगळं रोज येणाऱ्या मुलीच्या वाट्याला येतं. लांब राहणारा मुलगा दोन दिवस आला की म्हातारी खुलते. हा अन्याय ज्या मुलीच्या किंवा सुनेच्या वाट्याला आलाय तिला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

कोरियन मालिकांकडे वळलं की मराठी प्रेक्षकाला एकदम घरच्यासारखं वाटतं. सासू, सून, आईचा अबोल कठोरपणा सगळं आहे. जेटीबीसी वाहिनीची २०१९ मधली १२ भागांची 'द लाइट इन युअर आइज' ही मालिका सुरुवातीला चक्क चमत्काराची वाटते. हे-जा नावाच्या पंचविशीतल्या मुलीकडे काळ मागे नेणारं घड्याळ आहे. वडिलांचा अपघात टाळण्यासाठी ते वारंवार वापरल्याने ती एका रात्रीत म्हातारी होते. नऊ भाग प्रेक्षक हे खरं धरून चालतो. दहाव्या भागाच्या सुमारास उलगडतं की घड्याळबिड्याळ काही नाही. ती पहिल्यापासून म्हातारीच आहे, तिला अल्झायमर आहे, आणि ज्यांना ती आई-बाबा म्हणत होती ते तिचे सून आणि मुलगा आहेत. (ज्यांना ही मालिका अजून बघायची आहे त्यांचा रसभंग झाला, त्याला इलाज नाही.)

त्या मुलाचा एक पाय लहानपणीच्या अपघातात गेलेला. तरुण वयात विधवा झालेल्या आईने केशकर्तनालय चालवून त्याला वाढवलं, पण कधी जवळ घेतलं नाही. पडला तर स्वतः उठ, असा खाक्या. तो आयुष्यभर तिच्यावर मनातून रुसलेला आहे. अखेरच्या भागात बर्फ पडतो आणि म्हातारी रुग्णालयातून नाहीशी होते. मुलगा शोधत जातो तर ती बाहेर वाट झाडत असते. हा कोण ते तिला माहीत नाही. ती त्याला सांगते की मुलाचा पाय अधू आहे, शाळेत जाताना घसरायला नको. शाळेच्या दिवसांत आपल्या रस्त्यावरचा बर्फ रोज पहाटे कोण काढून ठेवत होतं, हे त्याला त्या क्षणी कळतं. आजाराने आईचं सगळं नेलं आणि आयुष्यभर लपवलेलं तेवढं उघडं केलं. किम हे-जा या ज्येष्ठ नटीला या भूमिकेसाठी २०१९ च्या बेकसांग पुरस्कारांत टीव्ही विभागाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. पात्राचं नावही तिचंच ठेवलेलं होतं.

अशी मालिका कोरियात बनते त्याला एक पार्श्वभूमी आहे. तिथे २००८ पासून वृद्धांच्या दीर्घकालीन सेवेसाठी सरकारी विमा आहे, आणि २०१७ मध्ये सरकारने डिमेन्शिया ही राष्ट्राची जबाबदारी असल्याचं जाहीर करून देशभर २५६ केंद्रं उभारायला घेतली. विषय घरोघरी बोलला जात होताच.

मराठीत हे धाडस केलं ते सिनेमाने. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री गाडीतून उतरून एका हत्तीमागे चालू लागतात आणि माहुताच्या पालावर पोचतात. शास्त्रींचं काम मोहन आगाशे यांनी केलं, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकडे मुलगी इराला वडिलांचं प्रेम आणि त्यांना सांभाळण्याचा वैताग एकाच वेळी छळत असतात. सिनेमाची मुख्य गोष्ट मात्र एका दिवसाची आहे. हजार-बाराशे भागांची ऐसपैस जागा आहे ती दैनंदिन मालिकांकडे. त्यांच्याकडे तीन मुलगे, तीन सुना, देवघर, मोठा जिना आणि सोफ्यावर बसलेली आजी हा सगळा संच तयार असतो. पण आजीचं कथानक रेंगाळलं की तिला काशीला नाहीतर लेकीकडे पाठवलं जातं, आणि सांभाळायचं कोणी हा प्रश्न कोणत्याच सुनेपुढे येत नाही.

टीव्ही आणि हा आजार यांचं आणखी एक नातं डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे. काही रुग्णांना पडद्यावरची माणसं खरोखर खोलीत आली आहेत असं वाटतं. मालिकेतल्या सासूला ते पाटावर बसायला सांगतात, चहा विचारतात, बातम्यांतल्या भांडणाने घाबरून दार लावून घ्या म्हणतात. अशा वेळी वाद घालू नये. वाहिनी बदलावी, जुनी गाणी लावावीत किंवा सरळ टीव्ही बंद करावा, असा सल्ला दिला जातो. त्यामुळे संध्याकाळी साडेसातला, मालिकांची ऐन वेळ असते तेव्हा, अशा घरांतल्या कित्येक सुना टीव्ही बंद करून बसलेल्या असतात. हुकलेला भाग त्या रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर बघतात.