हायकोर्टानं याचिका फेटाळली, म्हणजे नेमकं काय फेटाळलं?

जऊळका रेल्वेच्या एखाद्या शेतकऱ्याची जमीन रस्त्यात किंवा तलावात गेली आणि हातात आलेला मोबदला तुटपुंजा वाटला, की सल्ला ठरलेला असतो: थेट नागपूरला जा. वाशीम जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली येतो. याचिका दाखल होते, काही महिन्यांनी वकिलांचा फोन येतो, ‘फेटाळली.’ तेवढ्या एका शब्दावर घरचे हाय खातात, कागद पेटीत जातात. खरं नुकसान तिथून पुढे होतं, कारण पुढच्या मुदती तोवर संपत आलेल्या असतात.

‘फेटाळली म्हणजे आपला दावाच खोटा ठरला.’ हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. संविधानाच्या अनुच्छेद 226 खालचा रिट अधिकार हा न्यायालयाच्या विवेकाचा भाग आहे. त्यात निवाडा बहुधा प्रतिज्ञापत्रांवर होतो. साक्षीदार तपासले जात नाहीत, उलटतपासणी होत नाही. जमीन किती गुंठे गेली, विहिरीला पाणी होतं की नाही, संत्र्याची झाडं फळावर होती का, संमतीपत्रावरचा अंगठा कुणाचा, असे वाद असले की उच्च न्यायालय सहसा हात घालत नाही. पुराव्याचं काम जिथे होतं तिकडे जा, एवढंच ते सांगतं. तुमचं म्हणणं खरं की खोटं, हे त्यानं तपासलेलंच नसतं.

दुसरं कारण पर्यायी मार्गाचं. 2013 च्या भूसंपादन कायद्यात मोबदला कमी वाटणाऱ्यासाठी कलम 64 आहे. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा आणि प्रकरण त्या कायद्याखालच्या भूसंपादन प्राधिकरणाकडे पाठवायला सांगायचं. सबळ कारण दाखवलं तर जिल्हाधिकारी आणखी एक वर्षापर्यंतचा उशीर माफ करू शकतात. राष्ट्रीय महामार्गाची जमीन असेल तर वाट निराळी, तिथे लवादाकडे जावं लागतं. समृद्धी महामार्गासाठी अनेकांनी केलं तसं स्वखुशीनं थेट खरेदीखत करून दिलं असेल, तर कलम 64 चा आधार मिळत नाही. म्हणून जमीन कोणत्या कायद्यानं गेली, हे आधी बघावं. वकील कुठला करायचा ते नंतर. पर्यायी मार्ग असला तरी याचिका ऐकता येते असे अपवादही आहेत: नैसर्गिक न्याय डावलला, अधिकारच नसताना आदेश काढला, मूलभूत हक्कावर घाला आला किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयानं 1998 च्या व्हर्लपूल प्रकरणात हे अपवाद मांडले आहेत.

म्हणून आदेशाची नक्कल काढा आणि शेवटचा परिच्छेद कुणाकडून तरी नीट वाचून, समजून घ्या. गुणदोषांवर निर्णय देऊन याचिका फेटाळली आहे, की इतर कायदेशीर मार्ग अवलंबण्याची मुभा ठेवून निकाली काढली आहे? या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

‘त्यात वर्षं गेली, आता दावा मुदतबाह्य.’ दर वेळी नाही. मुदत कायद्याच्या कलम 14 प्रमाणे, अधिकारक्षेत्राच्या किंवा तशाच कारणानं दाद देऊ न शकणाऱ्या न्यायालयात सद्भावनेनं घालवलेला काळ दाव्याच्या मुदतीतून वगळता येतो. मात्र सरकारवर दिवाणी दावा करण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. ती दिल्याची पोच जपून ठेवा.

‘त्याच कोर्टात फेरविचार मागू, पुन्हा सगळं ऐकतील.’ पुनर्विलोकन म्हणजे अपील नव्हे. निकालात उघड दिसणारी चूक असेल, किंवा प्रयत्न करूनही आधी हाती न आलेला पुरावा मिळाला असेल, तरच त्याला अर्थ. मुदत 30 दिवसांची.

उशिराबद्दल दोन्ही टोकांचे समज आहेत. ठाणे तालुक्यातल्या शिरवणे गावची जमीन औद्योगिक विकास महामंडळासाठी 1964 च्या अधिसूचनेनं घेतली गेली. निरक्षर शेतकऱ्यांना मोबदला मिळाला नाही. मुंबई उच्च न्यायालयानं उशीर आणि कागदपत्रांचा अभाव या कारणांनी त्यांना परत पाठवलं. 2 नोव्हेंबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. मालमत्तेचा हक्क 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं मूलभूत हक्कांतून गेला खरा, पण अनुच्छेद 300-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय सरकार कुणाची जमीन घेऊ शकत नाही. हा निकाल वाचून मला मनापासून समाधान वाटतं. तरी त्याच्या भरवशावर कुणी स्वस्थ बसू नये. 6 मार्च 2020 रोजी, इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं 2013 च्या कायद्याच्या कलम 24 चा आधार घेऊन जुनी, संपलेली भूसंपादन प्रकरणं उकरून काढता येणार नाहीत, असं बजावलं.

गावात फार कमी जणांना ठाऊक असलेली गोष्ट याच 2013 च्या कायद्यातल्या कलम 73 ची. तुमची जमीन ज्या अधिसूचनेत होती त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला प्राधिकरणानं वाढीव मोबदला दिला आणि तुम्ही स्वतः तिथे गेला नसाल, तरी त्या निवाड्यापासून तीन महिन्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून तुम्हालाही वाढ मागता येते. आणि मोबदल्याचा धनादेश घेताना ‘निषेध नोंदवून स्वीकारला’ असं लिहून द्या. ते राहिलं तर कलम 64 चा अर्ज करता येत नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर वाशीमच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. 1987 च्या कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नमर्यादेत. जाताना निवाड्याची प्रत, सातबारा, मोबदल्याची नोटीस आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाची नक्कल सोबत न्यावी.